चिंचिला व तत्सम लहान प्राण्यांतील अचानक कोसळणे आणि आचके

चिंचिला हा आपल्याकडील पशुपालकांच्या पूर्वापार परिचयाचा प्राणी नव्हे. गाय, म्हैस, शेळी यांच्या रोगांविषयी लिहावयाचे तर वाचकास प्राण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. येथे मात्र ती थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या व थंड उतारांवर राहणारा, खारीहून मोठा व सशाहून लहान असा हा कृंतक गणातील प्राणी होय. त्याचे वजन सर्वसाधारणपणे ४०० ते ८०० ग्रॅम भरते व मादी नराहून अंगाने मोठी असते. एका रोमकूपातून आपल्याला एक केस फुटतो, तेथे चिंचिलास साठाच्या आसपास केस फुटतात. या दाट, रेशमी लोकरीपायी त्याची इतकी शिकार झाली की, १९१० साली चिली, आर्जेन्टिना, बोलिव्हिया व पेरू या देशांना आपसात करार करून शिकारीस बंदी घालावी लागली. पुढे १९२३ साली मथायस चॅपमन नावाच्या खाण अभियंत्याने सुमारे डझनभर जिवंत चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्या मूठभर प्राण्यांचे वंशज मानले जातात. रानातील चिंचिला मात्र आजही संकटग्रस्त असून त्याच्यासाठी चिलीमध्ये १९८३ पासून स्वतंत्र अभयारण्य आहे.

ही ओळख करून देण्याचे प्रयोजन एवढेच की, ज्या लोकरीने या प्राण्यास पर्वतावरील थंडीत तारले, तीच आपल्या मैदानी शहरांतून त्याच्या जिवावर उठते. चिंचिलास घाम येत नाही. कुत्र्याप्रमाणे धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालविण्याची सोयही त्याला फारशी नाही. उष्णता बाहेर पडण्यास जी काही वाट आहे ती मोठ्या, पातळ कानांतून व पायांच्या तळव्यांतून. बाकीचे अंग म्हणजे उन्हाळ्यात रजई पांघरून बसल्यासारखेच समजावे.

इंदरगंजातील दुपार

प्रस्तुत लेखात उदाहरणासाठी ग्वाल्हेर शहरातील इंदरगंज हा भाग घेतला आहे. दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. इंदरगंज त्याच लष्करातील गजबजलेली वस्ती असून या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. तेथील उन्हाळा नागपूर, अकोला, चंद्रपूरकडील उन्हाळ्याच्या जातीचाच असल्याने येथे जे सांगितले आहे ते विदर्भातील वाचकांनाही जसेच्या तसे लागू पडेल.

असे समजू या की, अशा वस्तीतील एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर चिंचिलाचा पिंजरा आहे. मे महिन्याचे दिवस. बाहेर पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर. वर तापलेली गच्ची, खिडकीशी कूलर. दुपारी दोनच्या सुमारास वीज जाते व घरातील मंडळी खालच्या मजल्यावर पडलेली असतात. चारच्या सुमारास कोणी वर जाऊन पाहतो तो प्राणी कुशीवर आडवा, कान लालभडक, तोंडाभोवतीची लोकर लाळेने ओली, श्वास उथळ व भरभर चाललेला, आणि पाय पोहल्यासारखे हलताहेत. पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘फेफरे’. मग कोणी कांदा हुंगविण्यास धावतो, कोणी चमच्याने तोंडात पाणी घालतो. पाणी श्वासनलिकेत जाते आणि जो प्राणी कदाचित वाचला असता तो दगावतो. दवाखान्यात नोंद होते ती मात्र फेफऱ्याची.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यातील चूक अगदी नेहमीची आहे. फेफरे, म्हणजे ज्याला शास्त्रात अपस्मार म्हणतात तो, हा एक स्वतंत्र विकार आहे. आचके हे केवळ लक्षण होय. मेंदूस रक्त, प्राणवायू, शर्करा किंवा कॅल्शियम कमी पडले, त्याचे तापमान फार वाढले, अथवा त्यापर्यंत विष किंवा जंतू पोहोचले, तरी आचके येतातच. चिंचिलात जन्मजात अपस्मार नाहीच असे नाही. परंतु इतर सर्व कारणे तपासून बाजूला काढल्यावरच त्याचे नाव घ्यावे. तेव्हा प्राणी कोसळलेला दिसताच औषधाच्या पेटीपूर्वी खोलीतील तापमापक पाहावा व त्यानंतर आदल्या दिवशीचे किती अन्न उरले आहे ते पाहावे. या दोन गोष्टींवरून निम्मा तपास होतो.

उष्माघात

चिंचिलाचे शरीराचे तापमान सर्वसाधारणपणे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस असते. त्यास मानवणारी खोली म्हणजे १५ ते २१ अंशांची. २८ अंशांच्या पुढे धोका सुरू होतो. आपल्या अंगावर ज्या हवेत सुती सदरा सुखाचा वाटतो, त्या हवेत हा प्राणी संकटात असतो हे ध्यानात ठेवावे.

येथे एका प्रचलित आडाख्याविषयी सावध करणे अगत्याचे वाटते. परदेशी हौशी पालकांत असा एक हिशेब रूढ आहे की, फॅरनहाइटमधील तापमान व हवेतील आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या आत असली की प्राणी सुरक्षित. पावसाळी हवेत हा हिशेब बऱ्यापैकी चालतो. जुलैमध्ये खोलीत ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ८६ अंश फॅरनहाइट, आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर बेरीज १५६ येते व धोका उघड दिसतो. परंतु हाच हिशेब ग्वाल्हेरच्या मे महिन्यास लावून पाहावा. ४४ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे १११ अंश फॅरनहाइट. आर्द्रता १५ टक्के धरली तर बेरीज अवघी १२६ भरते. आडाख्याप्रमाणे प्राणी सुखरूप असावयास हवा. प्रत्यक्षात तो त्या हवेत फार वेळ जगणार नाही. थंड व दमट देशांत बसविलेला हिशेब लू वाहणाऱ्या मुलखात आणला म्हणजे असे होते. आपल्याकडे बेरीज करण्याच्या फंदात न पडता केवळ तापमानाकडे पाहावे, आणि पावसाळ्यात त्याच्या जोडीला आर्द्रतेकडे.

कूलरचेही असेच आहे. कोरड्या मे महिन्यात पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते व कूलर खोलीचे तापमान दहाएक अंशांनी, कधी त्याहूनही अधिक उतरवितो. तरीही खोली ३०-३२ अंशांवरच राहते, म्हणजे माणसास बरे वाटते व चिंचिलास नाही. पाऊस सुरू झाला की बाष्पीभवनच मंदावते. मग तोच कूलर तापमान जेमतेम दोन-तीन अंश खाली आणतो व हवा मात्र अधिक दमट करतो. म्हणून ग्वाल्हेरसारख्या गावी चिंचिला ठेवावयाचा तर वातानुकूलन यंत्र, आणि वीज गेल्यावर चालेल अशी पर्यायी व्यवस्था, या दोन्ही गोष्टी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत अपरिहार्य आहेत. हे ज्यास परवडणारे नाही त्याने हा प्राणी न घेणे हेच शहाणपणाचे. विक्रेते हे सांगतीलच असे नाही; निदान विभागाच्या पत्रिकेने तरी ते स्पष्ट सांगावयास हवे.

उष्माघात झालेल्या प्राण्यास तत्काळ तळमजल्यावरील थंड फरशीवर न्यावे. थंड (बर्फाच्या नव्हे) पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कान व पायांचे तळवे पुसत राहावे आणि पंख्याचा वारा द्यावा. सर्व अंग पाण्यात बुडवू नये. दाट लोकर एकदा भिजली की ती लवकर वाळत नाही, आत उष्णता कोंडते व नंतर त्याच ओलीने प्राणी गारठतो. बर्फाचे पाणी वापरल्यास कातडीखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व उष्णता आतच अडकून पडते. गुदद्वारातील तापमान ३९.५ अंशांच्या खाली येताच थंडावा देणे थांबवावे, अन्यथा ते पुढे गरजेपेक्षा अधिक उतरते. तोंडात काहीही घालू नये. प्राणी शुद्धीवर येऊन स्वतः गिळू लागल्यावरच पाणी समोर ठेवावे. दवाखान्यात नेताना पिंजऱ्यात कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवावी व भर दुपारी रिक्षातून नेणे टाळता येत नसेल तर पिंजऱ्यावर ओले कापड टाकून हवेस वाट ठेवावी.

प्राणी उठून बसला म्हणजे संकट टळले असे समजू नये. उष्माघाताने आतडी, मूत्रपिंडे व यकृत यांवर झालेला आघात एक-दोन दिवसांनी प्रकट होतो. म्हणून बरा दिसणारा प्राणीही त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावा.

थंड खोलीत आलेले आचके

खोली थंड असून आचके आले तर विचाराची दिशा बदलते. प्रथम अन्नाकडे पाहावे. चिंचिलाचे पुढचे व दाढांचे, सर्वच दात आयुष्यभर वाढत असतात व तंतुमय गवत रवंथल्यासारखे सतत चावीत राहिल्यानेच ते झिजतात. गवताऐवजी सूर्यफुलाचे बी, मक्याचे दाणे, मनुका अशा खाऊवर वाढविलेल्या प्राण्याच्या दाढा वाढून जिभेस व गालास टोचू लागतात. प्राणी वाटीपाशी जातो, तोंड लावतो व परत फिरतो. पालकास वाटते, खातो आहे. दोन-तीन दिवसांच्या अशा उपासाने रक्तातील शर्करा उतरते, यकृतात चरबी साठते व एके सकाळी प्राणी लटपटून पडतो. पोट भरलेले दिसावे म्हणून खाऊची वाटी पुन्हा भरली जाते हे तर आणखी वाईट. आहारात उत्तम वाळलेले गवत हाच मुख्य भाग असावा. टिमोथी गवत आयात करावे लागते व महाग पडते. त्याऐवजी फुलोऱ्यापूर्वी कापून सावलीत वाळविलेला ओट म्हणजे जई हा चारा पुष्कळ अंशी चालतो. लसूणघासात कॅल्शियम अधिक असल्याने तो वाढत्या पिलांस व दूध पाजणाऱ्या मादीस द्यावा, इतरांस नेहमी देऊ नये. गव्हाच्या भुशावर हा प्राणी पोसत नाही.

दूध पाजणाऱ्या अथवा व्यायला आलेल्या मादीत आचके आले तर रक्तातील कॅल्शियम घटल्याची शंका प्रथम घ्यावी. चिंचिलाचा गर्भकाल सुमारे १११ दिवसांचा, म्हणजे त्याच्या आकारमानाच्या मानाने फारच दीर्घ असून पिले डोळे उघडे व अंगावर लोकर घेऊनच जन्मतात. अशी पूर्ण वाढलेली पिले पोसताना मादीच्या शरीरातील कॅल्शियमवर मोठा ताण पडतो. दाणे व बिया यांत स्फुरद अधिक व कॅल्शियम कमी असल्याने खाऊवर ठेवलेल्या मादीस हा धोका विशेष. पशुवैद्यकाने सावकाश दिलेल्या कॅल्शियमच्या इंजेक्शनाने अशी मादी पाहता पाहता उठून बसते. घाईने दिलेले कॅल्शियम मात्र हृदयावर घाव घालते, म्हणून हा उपचार घरी करण्याचा नव्हे. जीवनसत्त्व ब-१ म्हणजे थायमिन याच्या कमतरतेनेही अंग कापणे, गोल गोल फिरणे व आचके ही लक्षणे दिसतात.

घरातील विषबाधेकडे सहसा लक्ष जात नाही. चिंचिला दिसेल ते कुरतडतो. जुन्या दारे-खिडक्यांवरील रंगात शिसे असते व खपल्या पोटात गेल्या की काही आठवड्यांनी आचके, आंधळेपणा व अशक्तता दिसू लागते. कूलरची वायर कुरतडताना विजेचा धक्का बसून प्राणी जागच्या जागी कोसळतो. ओठांवर वा जिभेवर भाजल्याची खूण आढळल्यास तेच कारण समजावे. घरातील उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष हे तर या प्राण्यासाठीच ठेवल्यासारखे होते, कारण उंदीर व चिंचिला एकाच गणातले, आणि चिंचिलास ओकारी करता येत नसल्याने गिळलेले विष परत पडण्याचीही आशा नसते. ढेकूण-पिसवांसाठी मारावयाची ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे पिंजऱ्याच्या खोलीत फवारू नयेत.

जंतुजन्य कारणांत लिस्टेरिया या जिवाणूचा उल्लेख आवर्जून केला पाहिजे, कारण इतर कृंतकांच्या मानाने चिंचिला त्यास फारच लवकर बळी पडतो. बुरसलेला, ओलसर चारा व विष्ठेने दूषित झालेले खाद्य हे त्याचे मुख्य मार्ग. प्राणी दोन-तीन दिवस मलूल राहून मान वाकडी करतो, आचके देतो, किंवा कोणतेही लक्षण न दाखविता सकाळी मेलेला आढळतो. हा जंतू माणसासही बाधतो व गर्भवती स्त्रियांस विशेष घातक ठरतो. म्हणून अशा घरातील गर्भवतीने पिंजरा साफ करू नये. उलट दिशेनेही एक संसर्ग येतो व तो पुष्कळांस ठाऊक नसतो. तापानंतर माणसाच्या ओठांवर ज्या पुळ्या उठतात त्यांचा विषाणू, म्हणजे हर्पीस सिंप्लेक्स, चिंचिलाच्या मेंदूस दाह उत्पन्न करू शकतो. अशा रोग्यांचे वर्णन पशुवैद्यकीय वाङ्‌मयात झालेले आहे. ओठावर पुळ्या असताना प्राण्याचे मुके घेऊ नयेत.

मान एका बाजूस वाकून प्राणी कोलांट्या खाऊ लागला तर तो बहुधा आचका नसून कानाच्या आतील भागाचा संसर्ग असतो. आणि उड्या मारता मारता क्षणभर लुळा पडून पुन्हा काही झालेच नाही असा उठून बसणारा प्राणी हृदयविकाराचा असण्याचा संभव अधिक. चिंचिलात हृदयाच्या ठोक्यांबरोबर अधिकचा आवाज पुष्कळदा ऐकू येतो; सर्वच वेळी तो रोगाचा नसतो, पण मूर्च्छेची हकीकत असेल तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. मूर्च्छेत अंग ढिले पडते, प्राणी काही क्षणांत सावरतो व नंतर भांबावलेला राहत नाही. खऱ्या आचक्यात अंग ताठते, पाय झटकले जातात, मूत्र सुटू शकते व नंतर कित्येक मिनिटे त्यास दिशाभान नसते. हा फरक शब्दांत सांगणे पालकास जड जाते. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल असतोच. प्राणी सुरक्षित जागी ठेवून अर्धा मिनिट चित्रण केले तर ते पशुवैद्यकास लांबलचक वर्णनाहून उपयोगी पडते. आचका किती वेळ टिकला ते घड्याळ पाहून लिहावे. पाच मिनिटांहून अधिक काळ चाललेला अथवा लागोपाठ येणारा आचका हा तातडीचा प्रसंग होय.

सशाचे व गिनिपिगचे थोडे निराळे

ग्वाल्हेरच्या घरांतून चिंचिलाहून ससे व गिनिपिग कितीतरी अधिक पाळले जातात, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द. गिनिपिगमध्ये खरजेचा एक किडा इतकी आग करतो की खाजविता खाजविता प्राणी आचके देऊ लागतो. हे फेफरे समजून औषध देत राहिल्यास काहीच गुण येत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, खरजेवर उपचार होताच आचके आपोआप थांबतात. ससा हा खरे तर कृंतकच नव्हे, त्याचा गण निराळा. त्याच्यात मान वाकडी होणे व लोळणे यामागे एन्सेफॅलिटोझून हा सूक्ष्मजीव पुष्कळदा असतो. उष्णतेचा धोका मात्र तिघांनाही सारखाच आहे.

पशुवैद्यकांसाठी

चालू आचका थांबविण्यासाठी डायझेपाम अथवा मिडाझोलाम वजनाच्या हिशेबाने द्यावे. शक्य झाल्यास त्यापूर्वीच रक्ताचा एक थेंब घेऊन शर्करा पाहावी. ती कमी असेल तर ग्लुकोज दिल्याखेरीज आचका पुन्हा येईल. मात्र तापमान न घेता झोप आणणारी औषधे देऊन प्राणी घरी पाठविणे ही गंभीर चूक ठरेल. संसर्गाची शंका असली तरी अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे देऊ नयेत. त्यांनी मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून विषारी जिवाणू माजतात व प्राणी अतिसाराने दगावतो. घरातील मुलांसाठी आणलेले अॅमॉक्सिसिलिनचे औषध पालकाने आधीच पाजले आहे काय, हे न विसरता विचारावे.

प्राणी मेल्यास त्याचे शवविच्छेदन व्हावे. ग्वाल्हेरहून जबलपूर व महू येथील पशुवैद्यक महाविद्यालये दूर पडतात. तरी शव प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यास चोवीस तासांपर्यंत तपासण्याजोगे राहते. ते बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात व मेंदूच्या तपासणीतून काही निष्पन्न होत नाही. पाठविताना शवासोबत एका चिठ्ठीवर प्राण्याचे वय, शेवटचे वजन, खाद्य, कोसळला त्या वेळेचे खोलीतील तापमान आणि वीज किती वेळ गेली होती हे लिहावे. घरात दुसरा चिंचिला असेल तर चिठ्ठीची एक प्रत स्वतःजवळ ठेवून त्याचा पिंजरा त्याच दिवशी खालच्या मजल्यावर हलवावा.